फेट्या झटका!

जिनिंगमधून घरी आल्यावर अंगावरची रुई कितीही झटका, एखादा पुंजका कुठंतरी राहतोच. भाकर थापताना तो पिठात सापडतो, पोराला पाजताना त्याच्या नाकाला लागतो. आमच्या किश्श्यांचं तसंच आहे. परवा पापड लाटायला बसलो तर एकीनं म्हटलं, "मास्तरीण, तो फोटोवाल्याचा किस्सा सांग व." एक सांगितला तर दुसरा त्याचं शेपूट धरून आला. दिवस बुडाला, पापड राह्यले तसेच! मग म्हटलं, लिहूनच काढावे एकदाचे.

मास्तरीण म्हणजे मी. कोणाला शिकवत नाही. चौथी पास झाले, आणि आमच्या तांड्यावर तेव्हा दुसऱ्या कोण्या बाईनं पाटीला हात लावलेला नव्हता, म्हणून हे नाव पडलं.

साठ सालाच्या आगंमागं आम्ही आठ-दहा जणी तांड्यावरून दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये कापूस निवडायला जात होतो. सगळ्यांत म्हातारी झमली याडी. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. ती सगळ्यांचीच याडी होती. सगळ्यांत लहान केसली, माझ्या दिराची सून, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. आणि गंगूबाई. ती दिग्रसचीच, बौद्ध वस्तीतली. तांड्याची नाही, पण कापसाच्या ढिगाजवळ तिची बसायची जागा आमच्याशेजारी, म्हणून आमच्यातलीच.

आता फेट्या. मराठी माणूस फेटा डोक्याला बांधतो. आमचा फेट्या कमरेला असतो. भरपूर घेराचा, आरशांचा, खाली जाड पट्टीचा घागराच म्हणा ना. बाई चालली की तो चालतो, आणि तो चालला की सगळा बाजार थांबतो! प्रश्न एकच. कोणी तोंडानं विचारतो, कोणी डोळ्यांनी.

"आत काय घालता व तुम्ही?"

*

एकदा पुसदच्या यष्टीत आम्ही चढलो. झमली याडीला दाराजवळची जागा भेटली. तिच्या समोर एक बाबू बसला होता. तेल लावलेले केस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्याची नजर याडीच्या गुडघ्यावरच्या आरशांवर गेली. झालं! पठ्ठ्यानं खिशातून कंगवा काढला, खाली वाकला, आणि याडीच्या फेट्याच्या आरशात पाहून भांग पाडायला लागला!

गाडीतली माणसं फिदीफिदी हसायला लागली. केसलीनं तोंड खिडकीकडे केलं. मी उठणारच होते, पण याडीनं माझा हात दाबला. तिनं त्याचा भांग पुरता पडू दिला.

मग म्हणाली, "झाला का भांग, बेटा?"

"झाला," तो म्हणाला. अजून वाकलेलाच होता.

"मग आता पाया पड. वाकलाच हायेस त!"

गाडी अशी हसली की ड्रायव्हरनं मागं वळून पाह्यलं. बाबू खरंच पाया पडला! दुसरं करतो काय!

*

पुरुषच असं करतात असं नाही हं. बाजाराच्या दिवशी एक शहाणी बाई आपल्या पोरीला घेऊन कपड्याच्या दुकानापुढं उभी होती. केसली तिच्या बाजूनं निघाली. बाईनं काही विचारणं नाही, सांगणं नाही, खाली वाकून केसलीच्या फेट्याची पट्टी धरली आणि वर उचलून पोरीला दाखवते!

"पाह्य बेबी, टाका कसा हाये! उलट्या बाजूनं पण पाह्य!"

केसली गाईसारखी उभी. भर बाजारात पिंढऱ्या उघड्या.

मी गेले त्या बाईजवळ आणि तिच्या लुगड्याचा काठ धरला. दोनच बोटं वर उचलला, जास्त नाही.

"अगं अगं अगं! काय करून राह्यली तू?" बाईनं असा आवाज काढला की दुकानदार गादीवरून उठला.

"काही नाही बाई. काठ पाहून राह्यली. उलट्या बाजूनं पण पाह्यते!"

तिनं आमची पट्टी सोडली. मी तिचा काठ सोडला. पोरगी मात्र आईला विचारत होती, "आई, तिनं केलं त तू काहून वरडली?"

पोरगी शाळेत हुशार निघाली असेल!

*

फोटोवाला आला होता नागपूरचा. तीन पायांचा डबा, वर काळं फडकं. जत्रेत आमची वाट अडवून उभा. म्हणे, "बंजारा बायांचा फोटो पाहिजे, मोठ्या पेपरात छापून येईल." आम्ही नाही म्हटलं. तो ऐकतो थोडाच! आम्ही पाण्याला गेलो, तिथं डबा घेऊन आला. आम्ही झाडाखाली भाकर सोडली, तिथं आला. "नैसर्गिक पाहिजे, नैसर्गिक," असं म्हणायचा. घास तोंडात, आणि हा समोर काळ्या फडक्यात डोकं घालून उभा!

झमली याडीनं भाकर खाली ठेवली. हात पुसले. हळूच मागून गेली, त्याचं काळं फडकं उचललं आणि स्वतःचंही डोकं आत घातलं!

आतून बोंब! "बाई, बाई, उजेड जातो! प्लेट खराब होते!"

याडीनं आरामात डोकं बाहेर काढलं. तिच्या केसांतल्या चांदीच्या घुगऱ्या खळखळल्या.

"काय हाये व आत?" आम्ही विचारलं.

"काही नाही," याडी म्हणाली. "अंधार हाये नुसता. एवढ्यासाठी बिचारा दिवसभर फिरून राह्यला!"

*

हे झाले हसायचे. आता गेटावरचं सांगते, ते हसायचं नव्हतं.

जिनिंगमध्ये सुट्टीचा भोंगा झाला की गेटावर झडती व्हायची. कोणी रुई चोरून नेऊ नये म्हणून. गड्यांचे खिसे पाह्यचे, धोपटी पाह्यची. लुगडंवाल्या बायांचा ओटा, म्हणजे पुढं खोचलेला ओचा, झटकून घ्यायचे. आणि आमच्या पाळीला गणपत जमादार खुर्चीवरून उठायचा.

गणपतच्या डोक्यावर लाल फेटा. ऊन असो, पाऊस असो, तो उतरलेला कोणी पाह्यला नव्हता. दुपारी खुर्चीत घोरायचा तरी फेटा डोक्यावर. हातात वेताची काठी. काठीचं टोक आमच्या फेट्याच्या पट्टीखाली घालायचा आणि म्हणायचा, "झटका! फेट्या झटका! एवढ्या घेरात रुईची एक गाठ मावते बे!"

बाकीचे चौकीदार हसायचे. आम्ही म्हाताऱ्या-अर्ध्या म्हाताऱ्या बाया, शिव्या देऊन, झटकून निघून जायचो. पण केसलीच्या वेळी ती काठी लवकर खाली यायची नाही. एकदा झटक, पुन्हा झटक, डाव्या बाजूनं झटक. एका संध्याकाळी त्यानं काठी गुडघ्याच्या वर नेली.

केसली त्या दिवशी वाटभर फेट्या मुठीत आवळून चालली. तांडा दिसायला लागला तेव्हा म्हणाली, "काकी, उद्या मी येत नाही."

घरी तिचा नवरा म्हणाला, "फेट्या सोड. लुगडं नेस. कटकट कायले?"

सासू चुलीपुढून उठली. "फेट्या सोडला त माह्या चुलीपुढं बसू नको. माह्या मायनं शिवलेला हाये तो. तुह्या अंगावर मी घातला."

म्हणजे फेट्या घातला तर गेटावर काठी, सोडला तर चूल बंद. पोरगी अठराची नसेल. तिनं कुठं उभं राहावं सांगा!

*

तिनं लुगडंच नेसलं. गंगूबाईनं आपलं एक दिलं, पांढऱ्या जमिनीचं, निळ्या काठाचं. वाटेत नाल्याच्या झुडपाआड केसलीनं फेट्या काढला, घडी करून टोपलीत ठेवला, आणि गंगूबाईनं शिकवल्यासारखं लुगडं गुंडाळलं. चालताना तीनदा पायात अडकून पडली. संध्याकाळी परत येताना पुन्हा नाल्याआड फेट्या घालून घरी जायचं, असा बेत.

सुट्टी झाली. गेटावर गणपतनं तिला पाह्यलं आणि मिशीतून हसला.

"आता हे काय? आज आत काय लपवलं व, म्हणून लुगडं नेसली? ओटा सोड. नीट झटक."

काठी पुढं आली ती आलीच!

नाल्याआड केसली रडत बसली. फेट्या हातात, पण घालीना. गंगूबाई आमच्यासोबत तिथवर आली होती. तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नको, बाय. मी जलमभर नऊवारी नेसली. नऊ वार पुरे अंगभर हाये, तरी त्याची नजर दहाव्या वारावर! लुगड्यानं काय होते?"

*

त्याच हप्त्यात विलायतेचा साहेब आला. नवीन मशीन बसवायला कंपनीनं पाठवलेला फिटर. लाल तोंड, लाल हात, कोपरापर्यंत ग्रीस. आमच्या जिनिंगचा मिस्त्री त्याच्यासोबत, त्याला इंग्रजी जमायचं. आम्ही दुपारी भाकर खाताना साहेब तिथून चालला तर आमचे फेट्ये पाहून थांबला. मी मनात म्हटलं, आला हा पण विचारायला!

पण त्यानं पाकिटातून एक फोटो काढला आणि मिस्त्रीला काहीतरी सांगितलं.

मिस्त्री म्हणाला, "बाया हो, साहेब म्हणते, त्याच्या गावात गडी असंच घालते. हा त्याच्या भावाच्या लग्नातला फोटो. याले किल्ट म्हणते."

फोटो हातोहात फिरला. खरंच! साहेब उभा होता, वर कोट, गळ्यात पट्टा, आणि खाली चुण्यांचा, चौकटीचा, गुडघ्यापर्यंतचा फेट्या! मिशीवाला म्हातारा बाप पण तसाच. मागं दोन काके, ते पण तसेच.

"गे माय! सगळ्या खानदानाले फेट्या!" झमली याडी म्हणाली. "घेर कमी हाये. आरसे नाही. कोणत्या तांड्याचा व हा?"

"स्काटलंडचा," मिस्त्री म्हणाला.

याडीनं फोटो डोळ्याजवळ नेला. लांब नेला. आणि एवढ्या वर्षांत लोकांनी तिला जे विचारलं, तेच तिच्या तोंडून निघालं!

"मिस्त्री, त्याले इच्यार... आत काय घालते?"

आम्ही पदर तोंडात कोंबले. मिस्त्री कानापर्यंत लाल झाला. पण विचारलं त्यानं. साहेब हसला नाही. बाजूच्या रुईच्या गाठीवर बसला आणि बराच वेळ बोलला.

मिस्त्रीनं सांगितलं, "साहेब म्हणते, हेच सगळे इच्यारते. लग्नात, दारूच्या दुकानात, टेसनावर. ओळख ना पाळख. कोणी म्हणते दाखव. कोणी मागून उचलून पाह्यते, अन् त्यात बाया पण रायते. तो चिडला त म्हणते, गंमत केली, त्यात काय एवढं? म्हणून आता तो घालत नाही. भावाच्या लग्नानंतर पेटीत ठेवला."

याडीच्या हातातली भाकर तशीच राह्यली.

"गड्याले पण?"

"गड्याले पण."

"मग तिथं काठी कोणाजवळ हाये?"

मिस्त्रीला हे इंग्रजीत सांगता आलं नाही.

याडीनं कमरेच्या पिशवीतून कवड्यांची माळ काढली, पट्टीला शिवतो ती, आणि साहेबाच्या ग्रीसच्या हातावर ठेवली. "त्याले सांग, खाली शिवजो. जड होते. वारा पण उचलत नाही, अन् कोणी हात लावला त वाजते. पेटीत नको ठेवू म्हणा. बापाची रीत हाये."

साहेबानं कवड्या कानाजवळ हलवून पाह्यल्या. मग त्या पाकिटात, फोटोजवळ ठेवल्या.

केसली लुगड्याशी खेळत बसली होती. एकदम म्हणाली, "म्हणजे फेट्याचं काही चुकलं नाही, काकी!"

दुसऱ्या दिवशी नाल्याआड थांबायची गरज पडली नाही. घरून निघाली तशीच ती फेट्यात जिनिंगला आली.

*

त्या दिवशी कापूस बारीक धुळीचा होता. रुई नुसती उडत होती. रोज आम्ही सुट्टी व्हायच्या आधी फेट्ये झटकून, पुंजके वेचून मग गेटावर जायचो. त्या दिवशी याडी म्हणाली, "राहू द्या. तो म्हणते ना झटका? तिथंच झटकू. त्याचा मान हाये तो!"

भोंगा झाला. आम्ही सगळ्या पांढऱ्या. गणपत उठला, काठी घेतली, नजर सरळ केसलीकडे.

"आली का परत घागऱ्यात? झटक!"

केसली दोन पावलं पुढं आली. तिच्या डाव्या बाजूला मी, उजव्या बाजूला याडी, मागून बाकीच्या. होळीला लेंगी नाचताना गोल धरतो ना, तसा गोल झाला. मधात गणपत.

"झटका व!" याडी ओरडली.

आणि आम्ही झटकले! सगळ्या घेरांनी, एका दमात! दिवसभराची रुई उठली. गणपतच्या मिशीत रुई, नाकात रुई, कानात रुई. खोकून खोकून बेजार. लाल फेट्याचा पांढरा फेटा झाला!

तेवढ्यात मॅनेजर साहेबांची जीप गेटावर आली. साहेब तिकडचे, पुण्याकडचे. आमच्या कपड्याला ते घागरा म्हणायचे, फेट्या हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता. खाली उतरून पाहतात तर आम्ही कोऱ्या करकरीत, आणि जमादार कापसाच्या बुजगावण्यासारखा!

"हे काय? एवढी रुई कुठली?"

गणपत खोकत म्हणाला, "साहेब, फेट्यातली हाये!"

साहेबांनी त्याच्या डोक्याकडे पाह्यलं. "ते दिसतंय मला!"

"नाही साहेब, माह्या फेट्यातली नाही... यायच्या फेट्यातली..."

"यांच्यापैकी कोणाच्या डोक्यावर फेटा आहे?"

आम्ही डोक्यावरचा पदर सारखा केला.

गंगूबाईनं संधी सोडली नाही. पुढं आली, हात न जोडता सरळ बोलली. "साहेब, हा बायायच्या अंगाले काठी लावते. बायायची झडती बाईनं घ्यावी. बांबूच्या तट्ट्याआड घ्यावी. रस्त्यावर नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाह्यलं, मग काठीकडे, मग केसलीकडे. केसलीनं मान खाली घातली नाही. साहेब जमादारावर तापलेलेच होते.

"बरोबर आहे. उद्यापासून गेटावर तट्ट्या लावा, आणि आत बाई बसेल. आणि काय रे," त्यांनी गणपतच्या डोक्याकडे बोट दाखवलं, "इथून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फेट्याची झडती झाली पाहिजे! प्रत्येक!"

"कोण बसणार?" मिस्त्रीनं विचारलं.

आम्ही केसलीला पाठीमागून असं ढकललं की ती साहेबांच्या अंगावर पडायची राह्यली.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेटाच्या बाजूला बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा उभा होता. आत एक स्टूल, स्टुलावर केसली. एकेक बाई आत जायची, बाहेर यायची. काठी नाही, हसणं नाही. मी गेले तर तिनं फक्त माझ्या फेट्याला वरून हात लावला आणि म्हणाली, "जा काकी."

आम्ही सगळ्या आटोपून गेटाबाहेर थांबलो. गडी पण निघाले. शेवटी जमादाराची पाळी संपली. गणपत धुतलेला फेटा बांधून, काठी बगलेत मारून, खाली पाहत निघाला.

तट्ट्याआडून केसलीचा आवाज आला.

"दादा, थांबा. फेट्याची झडती हाये."

सगळं गेट थांबलं! निघालेले गडी परत फिरले. सायकलवाले उतरले. ज्यांना कळलं नाही त्यांना बाकीच्यांनी सांगितलं. गणपतनं इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. कालचे हसणारे चौकीदार आज त्याच्याकडे पाहून हसत होते.

"सोड बे!" एक जण ओरडला. "साहेबाचा हुकूम हाये! प्रत्येक फेटा!"

"सोड, सोड! पाहू त दे, आत काय हाये!"

गणपतनं काठी खाली टाकली. दोन्ही हातांनी डोक्यावरचा फेटा दाबून धरला. माझ्या बाजूला याडी पुटपुटली, "आता भेटला!"

तट्ट्या सरकला. केसली बाहेर आली. तिनं त्या सगळ्या गर्दीकडे एकदा पाह्यलं, मग गणपतकडे. एका हातानं तट्ट्या धरून तिनं त्याच्यासाठी वाट केली.

"इथं नका सोडू, दादा. आत या. लोकं पाहून राह्यले."

तो आत गेला. तट्ट्या बंद झाला. गर्दी टाचा वर करून उभी, पण बांबूच्या फटीतून काय दिसते! बऱ्याच वेळानं गणपत बाहेर आला. फेटा पुन्हा बांधलेला, जरा वाकडा. काठी तशीच पडलेली राह्यली, ती न उचलता निघून गेला.

मग केसली आली. याडीला दम निघत नव्हता. तांड्याच्या वाटेला लागल्या लागल्या तिनं पोरीचा हात पकडला.

"सांग व! काय होतं त्याच्या फेट्याच्या आत?"

केसलीनं हात सोडवून घेतला. फेट्याची पट्टी सारखी केली.

"असं इच्यारत नसते, याडी," ती म्हणाली, आणि चालायला लागली.